रविवारची कुत्री

२ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी जानेवारीत चाऱ्याच्या दुकानात फुकट मिळाली. आठ महिने कोरीच पडली होती. पहिल्या पानांवर मेंढ्यांना औषध कधी पाजायचं त्याचे तक्ते आहेत. मेंढ्या विकल्या, नवरा गेला, आता तक्ते घेऊन काय करू? पण आज काहीतरी घडलं, म्हणून लिहिते आहे.

टाकून दिलेली टेरियर कुत्री नव्या घरी देणाऱ्या संस्थेची बाई घर तपासायला आली होती. फिलिपा तिचं नाव. गुलाबी गमबूट, हातात मोजपट्टी. परसातली भिंत मोजली, फाटकाखालची फट मोजली. म्हणाली, "बर्केटबाई, टेरियर खालून खणतं आणि वरून उडी मारतं, माहीत आहे ना?" मला सांगते! माझा नवरा आयझॅक चौतीस वर्षं शिकारी कुत्र्यांच्या टोळीबरोबर या डोंगरांवर हिंडला. कोल्हा बिळात दडला की आत टेरियर सोडायचं हे त्याचं काम. माझ्या या स्वयंपाकघरात अकरा टेरियर लहानाची मोठी झाली. ही बाई तेव्हा पाळण्यात असेल. पण मी गोड हसले. कुत्रा हवा असेल तर हसावं लागतं.

मग फॉर्म. रोज किती वेळ फिरवाल, आजारी पडलात तर कोण बघेल. (बेरिल, म्हटलं. शेजारी राहते, आणि तशीही दिवसभर माझ्या घराकडेच बघत असते.) मग विचारलं, "घरात कुणावर जनावरं पाळायची बंदी आहे? कोर्टाची?"

"घरात मी एकटी."

"येण्याजाण्यातलं कुणी?"

"इथे येतंय कोण, बाई?"

तिने 'नाही'वर खूण केली. मी खोटं बोललेले नाही. माझा मुलगा ग्लेन या घरात येऊन दोन वर्षं अकरा महिने झाले. मे महिन्यात माझा खुब्याचा सांधा बदलला तेव्हाही आला नाही. कार्ड पाठवलं होतं, त्यावर छापील मजकुराखाली नुसतं 'ग्लेन'. छापील मजकुरात काय होतं? 'लवकर धावू लागा.'

६ सप्टेंबर, शनिवार

आली. पॅटरडेल जातीची, काळी, राठ केसांची, चार-पाच वर्षांची. संस्थेने तिचं नाव प्रिन्सेस ठेवलं होतं. नाकाडावर जुन्या जखमांचे पांढरे वण, एक कान फाटलेला, आणि म्हणे प्रिन्सेस! गाडीतून उतरतानाच मी तिला नेटल केलं. भिंतीकडेला उगवतो तो झोंबणारा पाला. बांबूच्या काठीइतकी ताठ उभी राहून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवडले नसावे.

खाणखोऱ्याच्या रस्त्यावर फाटकाला बांधलेली सापडली होती. बांधणाऱ्याने पाण्याचं भांडंही ठेवलं नव्हतं.

फिलिपाने करार दोनदा वाचून दाखवला. कुत्री दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा भेट. सही केली.

१० सप्टेंबर, बुधवार

परसातली रुबार्बची सगळी ओळ खणून काढली. मी खूप ओरडले. ती खड्ड्यात बसून ऐकत होती, शेपूट वर. शेवटी मला हसू फुटलं. माझ्या हसण्याचा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मांडीवर येत नाही. पण मी खुर्चीत बसले की पायाशी येऊन, माझ्याकडे पाठ करून, ती पाठ माझ्या घोट्याला टेकवून बसते. दाराकडे तोंड. ऊब चढते पायात. चार वर्षांत मला कुणी एवढा वेळ टेकून बसलेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण काल अर्धा तास चहा प्यायला उठले नाही, ती हलेल म्हणून.

१४ सप्टेंबर, रविवार

ग्लेनला फोन केला. दर दुसऱ्या रविवारी करते. मी बोलते, तो 'हं' म्हणतो, मागे टीव्ही चालू असतो. आज सांगितलं, कुत्री आणली. हं. पॅटरडेल. टीव्ही बंद झाला.

"काम केलेली आहे का?"

"तोंडावर वण आहेत बरेच."

"वर की खाली?"

"वर. नाकावर."

"म्हणजे कोल्ह्यावरची आहे." मग, "आई, पुढच्या रविवारी घरी आहेस का?"

मी घरी आहे का! सत्तरीची बाई, नवा खुबा, बस दिवसातून दोनदा. म्हटलं, बघते डायरीत.

२१ सप्टेंबर, रविवार

आला! कोकराची तंगडी केली, बटाटे, पुदिना घातलेलं व्हिनेगर, त्याला आवडतं तसं. दोनदा वाढून घेतलं. अंगाने सुटलाय, केस बापासारखे मागे सरकलेत. आयझॅकच्या खुर्चीत बसला.

जेवणाआधी नेटलला टेबलावर उभं करून तिचे ओठ वर केले, दात पाहिले, छातीचा घेर दोन हातांत मापला. बापाने शिकवलेलं. "कोणी टाकली असेल हिला, गाढवाने!" म्हणाला. इतकं कौतुक त्याच्या तोंडून माझ्या वाट्याला कधी आलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

जेवल्यावर तो तिला फिरवून आणतो म्हणाला. तीन तासांनी आले, दोघंही चिखलाने माखलेले. ससे, म्हणाला. जाताना माझ्या गालाला गाल लावला. पुढच्या रविवारी येतो.

फिलिपाच्या करारात 'ताबा' लिहिलंय. फिरवून आणणं म्हणजे ताबा नव्हे.

२८ सप्टेंबर, रविवार

आला. तंगडी. तीन तास.

ते दोघं डोंगरावर गेले तशी बेरिल भिंतीवर कोपरं टेकून उभी. "अगं थेल्मा, तो ग्लेनच ना? त्याच्यावर बंदी आहे ना गं, दहा वर्षांची?"

"बंदी कुत्रा पाळायची आहे. कुत्री माझी आहे."

"मग दोरी कुणाच्या हातात होती?"

"तुझी दुर्बीण पुसून घे, बेरिल, म्हणजे नीट दिसेल."

ती गेली नाही. म्हणाली, "मी तुझ्याबद्दल वाईट बोलत नाहीये." असं म्हणणारी माणसं वाईटच बोलत असतात.

तर ते प्रकरण. कुणी वाचणार नाही, तरी लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी ग्लेन आणि आणखी तिघांनी चर्चच्या जंगलात बॅजर खणून काढला आणि त्याच्यावर कुत्री सोडली. काळ्यापांढऱ्या तोंडाचं ते जनावर कायद्याने देव्हाऱ्यात बसवलंय. ग्लेन तेव्हा इथेच राहायचा. पोलिसांनी दारात उभं राहून मला विचारलं, त्या संध्याकाळी मुलगा घरी होता का? मी खरं तेच सांगितलं, नव्हता. त्याचा फोटो पेपरात आला. दुसऱ्या दिवशी त्याने कपडे गोळा केले. दारात म्हणाला, "दोन अक्षरं होती, आई. 'होता' म्हणायचं होतंस." त्यानंतर दोन वर्षं अकरा महिने.

बेरिलने तेव्हा मला केक आणून दिला होता. खरं बोलल्याचं बक्षीस.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पाच तास लागले. नेटलच्या तोंडाला रक्त. खालचा ओठ फाटलाय, हनुवटीखाली दोन खोल भोकं. ग्लेन म्हणाला, काटेरी तार. तार खालूनही लागू शकते. कुत्री तारेखालून जातात, मग खालूनच लागणार.

व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. आत दोन फावडी होती. शेतावर काम करणाऱ्या माणसाकडे फावडी असतातच.

मिठाच्या पाण्याने धुतलं. ओरडली नाही. माझ्या मनगटाकडे बघत राहिली.

ग्लेन खुशीत होता. माझ्या परसदाराचं बिजागर दुरुस्त करून गेला. चार वर्षं ते दार मी खांद्याने ढकलते आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

खात नाही. कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसते. बाहेर कुठलीही व्हॅन थांबली की तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहतो. मी समजत होते ही उत्सुकता आहे.

आता सरळ लिहिते. आयझॅक सांगायचा, कोल्हा वरून चावतो, बॅजर खालून. कोल्हा नाक धरतो आणि सोडतो, बॅजर खालचा जबडा धरतो आणि सोडत नाही. हे मला माहीत आहे. या खोऱ्यात ज्या बायकांनी टेरियरवाल्यांचे कपडे धुतले त्या सगळ्यांना माहीत आहे. आयझॅकने एकदा बॅजरवर कुत्री सोडणाऱ्या माणसाला दारूच्या गुत्त्यातून कॉलर धरून बाहेर काढलं होतं, आणि तो आयझॅकचा मावसभाऊ होता. आज तो असता तर ग्लेनला उंबरा ओलांडू दिला नसता.

पण आयझॅक मेला. त्याला बरं आहे, त्याला रविवार काढावे लागत नाहीत.

मी या रविवारी 'नाही' म्हणणार आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

म्हणाले. आधी तंगडी भट्टीत टाकली आणि मग म्हणाले, म्हणजे वासाने तरी बसेल. "ग्लेन, आज नको नेऊ तिला. तोंड बरं झालेलं नाही."

तो कोट काढत होता. एक बाही निघाली होती. ती त्याने परत घातली.

"बरं. मग मी निघतो."

"अरे, जेवण तयार आहे."

"भूक नाही फारशी." घड्याळ पाहिलं. "लोक थांबलेत माझ्यासाठी, आई. मी त्यांना शब्द दिलाय. तू काय, कधी कुणाच्या बाजूने उभी राहिली आहेस?"

"माझं आयुष्य तुझ्या बाजूला उभं राहण्यात गेलं."

"पोलिसांसमोर दिसलं ते."

तो दारापर्यंत गेला. बिजागर त्यानेच बसवलेलं, दार आवाज न करता उघडलं. तेव्हा मी खुंटीवरची दोरी काढली. नेटल यंत्रामागे होती. मी हाक मारली नसती तर ती आली नसती, त्याच्या हाकेला ती येत नाही. मी हाक मारली. आली, माझ्या घोट्याला टेकली. मी दोरी अडकवली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने माझ्या गालाला गाल लावला. "तासाभरात येतो. तंगडी करपवू नकोस."

साडेचार तास. तंगडी करपली नाही, मी भट्टी मंद ठेवली होती. त्याने पोटभर खाल्लं. मी समोर बसून त्याला वाढत होते, आणि ती यंत्रामागे होती, आणि माझ्या घशाखालीही घास उतरत होते. हेही लिहून ठेवते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

खालच्या जबड्याची कातडी लोंबते आहे, पुढचे तीन दात गेले. डॉक्टरकडे नेता येत नाही. जनावरांचे डॉक्टर अशी जखम पाहिली की फोन उचलतात. कोंबडीचं पाणी चमच्याने पाजलं. निम्मं बाहेर सांडतं. घरात वास यायला लागलाय.

ती अजून माझ्या घोट्याला टेकून बसते. बसू नये तिने. मी पाय बाजूला घेतला, तर सरकून पुन्हा टेकली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी फिलिपा आली. भेटीला दोन दिवस होते अजून. मागे बेरिलच्या खिडकीचा पडदा हलला, म्हणजे फोन कुणी केला ते सांगायला नको.

आत आली, वास घेतला, काही न विचारता यंत्रामागे गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तशीच होती. उठली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणी केलं हे?"

"माझी चूक. डोंगरावर मोकळी सोडली. बिळात शिरली."

"तुम्ही? या खुब्यावर? डोंगरावर?"

"हळूहळू चढते मी."

"बर्केटबाई, मी फॉर्म भरताना तुम्हाला विचारलं होतं."

"तेव्हा कुणी येत नव्हतं." बोलून गेले. मग जीभ चावली.

ती खुर्चीत बसली. आवाज मऊ केला, आणि तिचा मऊ आवाज मला मोजपट्टीपेक्षा जास्त लागला. "हे बघा, तुम्हाला ही आवडते, मला दिसतंय. नाव सांगा. पोलिसांशी मी बोलते. तो माणूस पुन्हा या घरी आला नाही, तर ही बरी झाल्यावर तुमच्याकडे परत यावी म्हणून मी संस्थेत स्वतः भांडेन. ती तुमच्यामागे येते हो. आमच्याकडे कुणाच्याच मागे जात नव्हती."

एकदा मी खरं बोलले होते, या दारात, अशाच मऊ आवाजाच्या माणसासमोर.

"मी सांगितलं ना. मी एकटीच होते."

तिने नेटलला घोंगडीत गुंडाळून उचललं. मला वाटलं झटापट करेल, निदान माझ्याकडे बघेल. तिने फिलिपाच्या कोटात तोंड खुपसलं आणि डोळे मिटले. गाडी गेल्यावर मी भिंतीपाशी जाऊन बेरिलला म्हटलं, "झालं समाधान?" ती रडत होती. मला तिच्या रडण्याचा इतका राग आला की हातातला चमचा मी तिच्या फुलांत फेकला.

चमचा नेटलचा होता. परत आणायला गेले नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आला. शीळ घातली. "कुठाय?"

सांगितलं. त्याचा रंग उडाला. "माझं नाव घेतलंस?"

"नाही."

"नक्की?"

"नाही घेतलं, ग्लेन."

"बरं केलंस." एवढंच. मी कुत्री देऊन 'बरं केलंस' मिळवलं. गमबूटही काढले नाहीत. उभ्या उभ्या मांसाचा एक तुकडा हातात घेतला आणि व्हॅनकडे जाता जाता खाल्ला. दहा मिनिटं. अकरा म्हणू.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे केली. सगळ्या वर्षातला एक दिवस तासाभराने मोठा करायचा, आणि सरकारला त्यासाठी रविवारच सापडतो. कुणी आलं नाही.

तंगडी केली होती. पाच दिवस पुरेल.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन केला. हं. टीव्ही चालू. कामं फार आहेत म्हणाला. "नाताळला येशील?" "बघू."

फिलिपाचं पत्र आलंय. नेटलचा जबडा शिवला, ती जगेल, दुसरीकडे दिली. कुठे ते लिहिलेलं नाही. माझं नाव त्यांच्या काळ्या यादीत गेलं, पुन्हा कुत्रा मिळणार नाही. मी पत्र दोनदा वाचलं, 'जगेल' तिथे थांबले, आणि शेगडीत टाकलं. आनंद झाला. खराखुरा झाला. तो पुरला नाही, एवढंच.

बसमध्ये बेरिल पुढच्या बाकावर सरकून बसली, मला जागा करून. मी उभी राहिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डोंगरापलीकडे यॉर्कशरमध्ये दुसरी संस्था आहे. छोटी, एक नवराबायको चालवतात. या लोकांच्या याद्या एकमेकांकडे जात नाहीत, असं दिसतं. घर पाहायला सर्दी झालेला एक म्हातारा आला, दोन कप चहा प्यायला, आयझॅकच्या फोटोकडे बघून म्हणाला, "तुम्हाला काय शिकवायचं, बाई!" अर्ध्या तासात मोकळा.

या वेळी दोरी मी कुणाच्याही हातात देणार नाही. देवाशप्पथ. ग्लेन आला तर येईल, बसेल, जेवेल, कुत्र्याकडे बघेल. बघायला काय हरकत आहे? माणसं दुसऱ्याच्या कुत्र्यांकडे बघतातच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी आणला. तांबूस, आखूड पायांचा, अवखळ. मालक वारला म्हणून संस्थेत आलेला. त्या म्हाताऱ्या माणसाच्या बिछान्यात झोपायची सवय आहे, असं कागदावर लिहिलंय. रात्रभर माझ्या पांघरुणात होता. सकाळी माझी चप्पल तोंडात धरून घरभर मिरवत होता, सगळ्या जगाने बघावं म्हणून.

दुपारी ग्लेनला फोन केला. रविवार नव्हता, तरी केला. सांगितलं.

"कुठल्या जातीचा?"

"बॉर्डर."

"भित्रा आहे?"

मी म्हणू शकले असते, आहे. विजांना घाबरतो, मांजरांना घाबरतो, पानांना घाबरतो. तोंडात आलं होतं.

"नाही," म्हटलं. "अजिबात नाही."

टीव्ही बंद झाला. "आई, तू खरंच ना..." म्हणाला, आणि हसला. लहानपणी हसायचा तसा. "रविवारी येतो. तंगडी करशील?"

खाटकाला सांगून ठेवलंय. कुत्रा आत्ता माझ्या मांडीवर झोपलाय. दोन वर्षांचा आहे, तोंडावर एक ओरखडा नाही. रविवारला पाच दिवस आहेत.